महिलांच्या हॉकी लीग बुडतात, मग ही का टिकेल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आइस हॉकीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: उत्तर अमेरिकेत बायकांच्या लीग एकामागून एक बंद पडल्या, मग पीडब्ल्यूएचएल या २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या महिला लीगवर तुमचा एवढा भरवसा का?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयार असतं, की बघायला येणार कोण. ते मला पटत नाही. १९९८ साली नागानोत महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये आली, अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असं हरवलं, आणि तेव्हापासून या दोन देशांच्या लढतीला चाहते आहेतच. नव्हता तो पगार.

कॅनडात २००७ साली सुरू झालेल्या सीडब्ल्यूएचएल या महिला लीगमध्ये पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगार नव्हता. दिवसा नोकरी, रात्री सराव, शनिवार-रविवारी सामने. २०१७ मध्ये मानधन सुरू झालं तेही हंगामाला दोन ते दहा हजार कॅनेडियन डॉलर. २४ मार्च २०१९ ला कॅलगरीने अजिंक्यपद मिळवलं आणि ३१ तारखेला लीग गुंडाळत असल्याची घोषणा झाली. तिकडे अमेरिकेतली एनडब्ल्यूएचएल ही महिला लीग २०१५ मध्ये किमान १०,००० डॉलर पगार जाहीर करून उतरली होती. दुसऱ्याच हंगामात, सामने चालू असताना, त्या पगाराला कात्री लागली. पगार जाहीर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं, हे खेळाडू तिथे शिकल्या.

मग मे २०१९ उजाडला. दोनशेहून अधिक खेळाडूंनी सांगितलं की येत्या हंगामात उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. हिलरी नाइट, केंडल कोयन स्कोफील्ड, मारी-फिलिप पुलँ, अमेरिका आणि कॅनडाच्या या अव्वल खेळाडू सगळ्या त्यात होत्या. मला हे कुठल्याही सुवर्णपदकाहून मोठं वाटतं. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं मोजकीच असतात आणि यांनी तीच पणाला लावली. संघटना काढली, शहरोशहरी प्रदर्शनीय सामने खेळल्या, आणि चार वर्षं थांबल्या. चार वर्षं!

जून २०२३ च्या अखेरीस उद्योजक मार्क वॉल्टर आणि माजी टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या कंपन्यांनी जुनी एनडब्ल्यूएचएल (तोवर तिचं नाव पीएचएफ झालं होतं) विकत घेऊन बंद केली आणि तिच्या जागी पीडब्ल्यूएचएल उभी करायला घेतली. लगेच जुलैत खेळाडूंनी २०३१ पर्यंतचा सामूहिक करार मंजूर केला: किमान पगार ३५,००० अमेरिकन डॉलर, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त, शिवाय गरोदरपणासाठीच्या तरतुदी. पहिला सामना टोरांटोत झाला १ जानेवारी २०२४ ला. पक, म्हणजे खेळाची चकती, बर्फावर पडण्याच्या जवळपास सहा महिने आधी करारावर शिक्कामोर्तब झालं होतं, आणि माझ्या भरवशाचं मुख्य कारण तेच. कोयन स्कोफील्डला २०२३ च्या उन्हाळ्यात मूल झालं. लगेच आलेल्या पहिल्या हंगामात तिने मिनेसोटाचं कर्णधारपद सांभाळून लीगचा पहिला करंडक, वॉल्टर कप, जिंकला.

आणि प्रेक्षकांचं म्हणाल, तर एप्रिल २०२४ मध्ये माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये २१,१०५ लोक आले होते.

एक गोष्ट मात्र सलते. पीएचएफ बंद झाली तेव्हा तिथल्या खेळाडूंचे करार रद्द झाले. नव्या लीगमध्ये संघ सहाच, त्यामुळे कित्येकींना जागाच उरली नाही. बफेलो आणि कनेटिकटचे संघ तर कायमचे गेले. ही किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नावं कौतुकाच्या लेखांत सापडत नाहीत. २०२५ मध्ये व्हँकुव्हर आणि सिअॅटल आले, जागा थोड्या वाढल्या. माझी नजर आता २०३१ वर आहे. तेव्हा हा करार संपेल, आणि पुढच्या करारातही किमान रक्कम पस्तीस हजारांच्याच आसपास राहिली, तर प्रेक्षक कितीही वाढोत, मी तिला प्रगती म्हणणार नाही.