हिशेब फोननेच पडताळावा : आमची वाटचाल

कोल्हापुरात आमचं मूळ काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. रोजकीर्द, खतावणी, दिवसअखेरचा मेळ. आजही ऑफिसचे पगार बऱ्याच अंशी त्यावरच निघतात. बिटकॉइनकडे आम्ही वळलो ते भाव वाढतोय म्हणून नव्हे. कोणा एकाच्या ताब्यात नसलेली खतावणी जगभरची हजारो यंत्रं आपसांत जुळवून ठेवतात, हे समजल्यावर हिशेबाचा कोड लिहिणारा माणूस स्वस्थ बसू शकत नाही.

मोबाइलवरची बरीच वॉलेट्स, म्हणजे बिटकॉइन सांभाळायची अ‍ॅप्स, मात्र कंपनीच्या सर्व्हरलाच शिल्लक विचारतात. सर्व्हर सांगेल ते खरं, आणि तुमचे सगळे पत्ते (बिटकॉइनमधले जणू खातेक्रमांक) त्याला आयते कळतात. स्वतःचा पूर्ण नोड, म्हणजे सगळी खतावणी स्वतः तपासणारं यंत्र, चालवावं तर व्यवहारांच्या ब्लॉक्सची साखळी 600 जीबीच्या पुढे गेलेली. फोनने स्वतःच पडताळावं, पण एवढा भार न उचलता, असा क्लायंट, म्हणजे फोनवरून नेटवर्कशी बोलणारा प्रोग्रॅम, बनवायचं आम्ही ठरवलं.

त्याचं बीज बिटकॉइनचे जनक सातोशी नाकामोतो यांच्या 2008 च्या शोधनिबंधातच आहे. ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा; त्याचं हेडर, म्हणजे वरची गोषवाऱ्याची नोंद, फक्त 80 बाइटचं असतं. सरासरी दहा मिनिटांना एक धरलं तरी वर्षाकाठी सव्वाचार एमबीच्या आतबाहेर. आमचा क्लायंट सगळी हेडर्स उतरवतो, प्रत्येकामागचं प्रूफ ऑफ वर्क (ब्लॉक बनवायला खर्चलेल्या गणनेचा पुरावा) तपासतो आणि दर 2016 ब्लॉक्सनी बदलणारी डिफिकल्टी, म्हणजे त्या गणनेची काठिण्यपातळी, नियमाप्रमाणे आहे का तेही बघतो. पूर्ण नोडची बरोबरी यात होत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो.

खरा पेच पुढे होता. आपला व्यवहार कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे पत्ता न सांगता शोधायचं कसं? जुन्या बिप 37 पद्धतीत (बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणेचा क्रमांकित प्रस्ताव) फोन आपला ब्लूम फिल्टर, म्हणजे आपल्या पत्त्यांची धूसर यादी, नोडकडे पाठवायचा, आणि त्यावरून पत्ते ओळखता येतात हे संशोधकांनी 2014 मध्येच दाखवलं. बिप 157 आणि 158 ने दिशाच उलटी केली. नोड प्रत्येक ब्लॉकचा एक छोटा फिल्टर बनवतो, सगळ्यांसाठी तोच. फोन तो घेऊन आपले पत्ते स्वतःजवळच ताडून बघतो आणि जुळलं तरच पूर्ण ब्लॉक मागवतो. बिटकॉइन कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या 2021 मध्ये आलेल्या 0.21 आवृत्तीपासून नोड हे फिल्टर नेटवर्कवर देऊ लागले, आणि आमचा रस्ता मोकळा झाला.

पण फिल्टरची खूण ब्लॉकमध्ये नोंदलेली नसते, त्यामुळे एखादा नोड खोटा फिल्टरही देऊ शकतो. म्हणून आम्ही एकाच वेळी अनेक नोड्सना विचारतो. उत्तरं जुळली नाहीत तर ब्लॉकच मागवून कोणाचा फिल्टर त्याच्याशी विसंगत आहे ते पाहतो आणि त्या नोडला सोडतो. हा भाग आमच्या मुलांनी पुन्हा पुन्हा लिहिला. पडद्यावर याचं काहीच दिसत नाही, पण सगळा भरवसा इथेच आहे.

धंद्याच्या बाजूने वाट खडतर होती. बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणाऱ्या एप्रिल 2018 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर आम्ही नाणी विकत नाही, सॉफ्टवेअर लिहितो, हे बँकेत समजावताना घाम फुटायचा. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. 2022 मध्ये क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारांवर 1 टक्का टीडीएस आला, तेव्हा इथल्या चौकशा आटल्या. आता आमचे ग्राहक मुख्यतः परदेशातल्या वॉलेट कंपन्या आहेत. ‘कुठलं कॉइन घेऊ?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना आम्ही आजही सल्ला देत नाही.

सध्या बिप 324 चं एन्क्रिप्टेड कनेक्शन जोडतोय, म्हणजे नोडशी काय बोलणं चाललंय हे वाटेतल्या कोणाला सहज वाचता येणार नाही. सोबत जुन्या अँड्रॉइड फोनवर बॅकग्राउंडला कनेक्शन तुटलं की सिंक जिथे थांबलं तिथूनच पुढे कसं न्यायचं, यावर काम सुरू आहे. आमचा कोड खुला आहे. वापरायचा असेल तर आधी टेस्टनेटवर, म्हणजे खऱ्या पैशांविना चाचणीसाठी असलेल्या नेटवर्कवर, चालवा, आणि फिल्टर तपासणीचा भाग वाचून त्यात खोट सापडली तर जरूर कळवा.