दोन मिनिटांचं मौन

आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन असायचं. गुरुजी डोळे मिटून उभे, आणि मागच्या रांगेत आम्ही एकमेकींच्या वेण्या ओढत. सेवाग्राम जवळच, त्यामुळे सूत, सफाई आणि हे मौन शाळेत आपसूक आलेलं. सूत मी शाळेबरोबरच सोडलं. मौन मात्र बर्मिंगहॅममध्ये पुन्हा भेटलं, आणि तेही तासाभराचं.

नर्स म्हणून तिथे गेले ते 1984 साल. खोली मिळाली बोर्नव्हिलला. ही चॉकलेटवाल्या कॅडबरींनी वसवलेली वस्ती. ते क्वेकर, म्हणजे दारू आणि युद्ध दोन्हींपासून लांब राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे, म्हणून तिथे पब नाही. घरमालकीणबाई सत्तरीच्या, त्याही क्वेकर. एका रविवारी मला त्यांच्या प्रार्थनासभेला सोबत घेऊन गेल्या. पुजारी नाही, प्रवचन नाही. सगळे गप्प बसलेले. ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. शेवटी दोघांनी हात मिळवले की झालं. त्या दिवशी मला ऐकू आली ती फक्त माझ्या पोटातली गुरगुर.

यांची शांतता म्हणजे नुसतं गप्प बसणं, अशी माझी समजूत होती. बाईंच्या वडिलांनी 1916 मध्ये सक्तीची सैन्यभरती नाकारली आणि तुरुंगात गेले, हे फार उशिरा कळलं. त्यांच्याच पंथातले काही तरुण बंदूक न धरता आघाडीवर जखमींच्या गाड्या चालवत होते. दोन्ही वाटा खऱ्या, असं बाई म्हणायच्या. 1947 चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळालं, ही गोष्ट मात्र त्यांनी कधीच सांगितली नाही. मला ती वाचनालयात सापडली.

मला जास्त शिकवलं ते त्यांच्या कामकाजाच्या सभांनी. तिथे मतदान नसतं. आवारातलं एक झाड तोडायचं की नाही, हा विषय तीन महिने चालला, कारण एका आजोबांना पटेना. शेवटी ठराव तिथेच लिहून वाचून दाखवला. झाड राहिलं, फांद्या छाटल्या. माझ्या डोक्यात सारखं येई, आपल्याकडे पाच मिनिटांत हात वर करून उरकलं असतं, आणि आजोबा पुढची दहा वर्षं रुसले असते.

नोव्हेंबरमध्ये तिकडे युद्धातल्या मृतांसाठी लाल पॉपीचं फूल लावतात. बाई पांढरं लावत, युद्धच नको म्हणून. एकदा दुकानाच्या रांगेत एक माणूस त्यांच्यावर भडकला. त्याचा भाऊ युद्धात मारला गेला होता. बाईंनी वाद घातला नाही, भावाचं नाव विचारलं. तो बोलत राहिला, रांग खोळंबली. फूल त्यांनी काढलं नाही, आणि तोही काही निवळला नाही. मी मात्र पुढे दोन्ही फुलं लावू लागले. धीर कमी, दुसरं काय.

परवा आपल्या बॅचच्या ग्रुपवर स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवरून जुंपली, आठवतं? मीही लांबलचक उत्तर टाईप केलं होतं, चांगलं झोंबणारं. पाठवायच्या आधी फोन उपडा ठेवला आणि चहा टाकला. आधण आलं तेव्हा उत्तरातली दोन वाक्यं खोडली. चहा गाळेपर्यंत एकच उरलं: माझी वर्गणी कुणाकडे पाठवू?