डायरेक्टर पाहिजे, पण तियासारखीच

तियानं सांगितलं तेसुद्धा बोर्ड मीटिंग संपल्यावर, लोक जॅकेटं चढवत असताना. "डिसेंबरपर्यंत आहे मी, मग बास." 2025 चा फेब्रुवारी होता, बाहेर बर्फ, आणि त्याच महिन्यात सरकारनं सिटिझनशिपच्या क्लासेसना मिळणारी ग्रँट गोठवून ठेवलेली, म्हणजे वेळ काय निवडली बघा. आमचे खजिनदार एक हात बाहीत आणि एक बाहेर असे तसेच उभे राहिले.

आधी थोडं सांगते, नाहीतर कोण तिया, कुठलं बोर्ड काही कळायचं नाही. न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला एक छोटी संस्था आहे, नाव नाही लिहीत. बाहेरून आलेल्या लोकांना कागदपत्रांत मदत करणं हे मुख्य काम. ग्रीन कार्ड, वर्क परमिट, सिटिझनशिप, कोणाच्या तरी भावाला उचललंय तर आता कुठे फोन करायचा वगैरे सगळं. फ्रेंच स्ट्रीटच्या बाजूला मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेली मंडळी भरपूर, एडिसन-इझलिनकडून आपले गुजराती, तेलुगू, थोडे मराठी येतात, शिवाय अरबी बोलणारे. तिया म्हणजे आमची एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, एकोणीस वर्षं तीच. स्पॅनिशमध्ये तिया म्हणजे मावशीही आणि आत्याही, एकच शब्द. मी मावशी धरून चालते, कारण आत्याला घाबरावं लागतं आणि हिला पहिली तीन वर्षं तरी मला घाबरावं लागलं नाही.

मी 2009 ला एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर आले. नोकरी करायची परवानगी नाही. नवरा ऑफिसला, मी अपार्टमेंटमध्ये भिंती बघत. ग्रंथालयात एक कागद चिकटवलेला दिसला, शनिवारी व्हॉलंटियर हवेत, हिंदी-गुजराती येत असेल तर बरं. गुजराती मला तेव्हा केम छो एवढीच यायची तरी गेले. 2015 ला एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, मग नोकरी लागली, पण शनिवार सुटला नाही आणि शेवटी बोर्डावर जाऊन बसले. त्यामुळे डायरेक्टर शोधायच्या कमिटीत माझं नाव कोणी विचारलंच नाही, घालूनच टाकलं.

पाच जणांची कमिटी. पहिल्या मीटिंगला आम्ही जाहिरात लिहायला बसलो आणि दोन तासांनी जे तयार झालं ते वाचून मलाच हसू आलं. स्पॅनिश अस्खलित, अजून एक भाषा आल्यास प्राधान्य, निधी उभारायचा अनुभव, इमिग्रेशन कायद्याची माहिती, माध्यमांशी बोलता आलं पाहिजे, बजेट आलं पाहिजे, संध्याकाळी आणि शनिवारी उपलब्ध, आणि वर तळमळ. आता हे सगळं एका माणसात असतं का? असतं, तियात होतं, कारण एकोणीस वर्षांत तिनं एकेक काम अंगावर ओढून घेतलं आणि आम्ही बोर्डवाले "वा वा" करत बसलो. म्हणजे आम्ही नवीन माणूस शोधतच नव्हतो, तियाची झेरॉक्स शोधत होतो. हे मी तेव्हा बोलले नाही हां, हे शहाणपण नंतरचं.

पगारावरून तर विचारूच नका. बोर्डातले एक ज्येष्ठ गृहस्थ, मनानं फार चांगले, म्हणाले सेवेच्या कामात आकडा जाहिरातीत कशाला टाकायचा. म्हणलं काका, 1 जून 2025 पासून न्यू जर्सीत कायदाच आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पगाराची रेंज लिहावीच लागते, आमचे पार्ट टाइम धरून अकरा होतात. आणि तसंही नॉनप्रॉफिट टॅक्स खात्याला दरवर्षी देते तो 990 फॉर्म कोणीही बघू शकतं, डायरेक्टरला किती दिले ते त्यात असतंच. तो फॉर्म मी त्या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचला आणि तियाला काय मिळत होतं ते बघून मला लाज वाटली. माझ्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोराला जास्त आहे. म्हणजे जागा खरं तर दोन-अडीच माणसांची आणि पैसे पाऊण माणसाचे, वर आम्हाला लोक येत नाहीत म्हणून आश्चर्य. अशी माणसं शोधून देणाऱ्या एका सर्च फर्मला विचारून बघितलं, त्यांनी पहिल्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा फी सांगितली, आम्ही थँक्यू म्हणून फोन ठेवला.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना कळत नाही. दुसऱ्याची इमिग्रेशनची केस चालवायला वकील लागतो, पण वकील नसलेल्या माणसालासुद्धा परवानगी मिळते, अ‍ॅक्रिडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात, जस्टिस डिपार्टमेंट देतं. ती परवानगी संस्थेशी बांधलेली असते, माणूस संस्था सोडून गेला की संपली. आमच्याकडे असे दोन, एक तरुण मुलगा आणि दुसरी खुद्द तिया. म्हणजे तिया गेली की डायरेक्टर तर जातेच, वर केसेस घेणारी निम्मी ताकद पण जाते. अन् कोर्टात ज्याची केस आहे त्याला इथं सरकार फुकट वकील देत नाही, क्रिमिनल केससारखं नसतं ते. हे सगळं माहीत असून बोर्डात कधी कोणी विचारलं नव्हतं की तिया आजारी पडली तर काय. मी पण नव्हतं विचारलं.

अर्ज आले चाळीसेक. त्यातून झूमवर सात, सातातून दोन उरले. एक गृहस्थ, मोठ्या हॉस्पिटलच्या फाउंडेशनसाठी निधी गोळा करणारे, बोलणं असं की माणूस स्वतःहून चेकबुक काढेल. दुसरी एक बाई, चाळिशीची, एका शेल्टरचा रोजचा कारभार बघायची, उत्तरं छोटी छोटी, मध्ये मध्ये वहीत काहीतरी लिहायची. आमच्या मार्कांच्या तक्त्यात तळमळ असा एक रकाना होता (तो कोणी घातला विचारू नका, मीच घातला), त्यात गृहस्थांना पाचपैकी पाच आणि बाईंना दोन.

मग ठरलं की दोघांनी एकेक शनिवार क्लिनिकला, म्हणजे आमच्या फॉर्म भरायच्या शिबिराला यायचं. नेमका ऑक्टोबर. 20 ऑक्टोबरपासून नवीन सिटिझनशिप टेस्ट लागू होणार होती. आधी शंभर प्रश्नांचा अभ्यास, दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. नवीन टेस्टला 128 चा अभ्यास, वीस विचारणार, बारा पाहिजेत. त्या तारखेच्या आत अर्ज टाकला तर जुनी टेस्ट, म्हणून लोक असे लोटले की खुर्च्या कमी पडून काही जण जिन्यात बसलेले.

गृहस्थ आले, सगळ्यांशी हात मिळवले, आणि एका गुजराती आजींच्या शेजारी सरळ खुर्ची ओढून बसले. आजींच्या मांडीवर पटेल ब्रदर्सची पिशवी, त्यात पासपोर्ट, जुने टॅक्सचे कागद, सगळं रबरबँडात. त्यांनी प्रेमानं पिशवी हातात घेतली, फॉर्म बाहेर काढला, आणि पेन उघडून हो-नाहीच्या प्रश्नांची लांबलचक यादी असते ना, तिथं भराभर खुणा करायला लागले. नो, नो, नो, नो. आजी हसून मान हलवतायत. आमच्या कमिटीतले दोघं माझ्याकडे बघून भुवया उडवतायत, बघ किती साधा माणूस! आणि खरं सांगते, मला पण भरून आलं.

तेवढ्यात तो आमचा परवानगीवाला तरुण मुलगा टेबलापलीकडून जवळजवळ धावतच आला आणि त्यानं फॉर्मवर तळहात ठेवला.

त्या यादीत एक प्रश्न असतो की तुम्ही कधी अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवलंय का. आजींना विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, हो ना, लायसनच्या ऑफिसात ती बाई सही कर म्हणाली, केली. म्हणजे मतदार म्हणून नोंदणीच झाली, जी सिटिझन नसलेल्याला करता येत नाही, तेव्हा खरं उत्तर हो. आणि हे हो असेल तर अर्ज टाकायच्या आधी वकिलानं बघायलाच पाहिजे, नाहीतर सिटिझनशिप राहिली बाजूला, आहे ते ग्रीन कार्ड धोक्यात. आणि नाही लिहून खाली सही केली तर शपथेवर खोटं. नोटारिओ म्हणून पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे लोक इथं गल्लोगल्ली असतात, ते हेच तर करतात, गोड बोलून नो नो नो. गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. पण नंतर त्यांना सांगितलं तर म्हणाले, अरे मी फक्त मदत करत होतो, आणि विषय बदलला.

पुढच्या शनिवारी बाई आल्या. फॉर्मला हात नाही. एकानं कागद पुढे केला तर म्हणाल्या मला हे येत नाही, इथं कोणाला परवानगी आहे, आणि त्या माणसाला नेऊन त्या मुलाच्या रांगेत बसवलं. मग तासभर रिसेप्शनपाशी नुसत्या उभ्या. दुपारी विचारलं की प्रत्येकाचं नाव-पत्ता आधी कागदावर आणि मग परत कॉम्प्युटरवर का लिहितात. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, गेली कित्येक वर्षं तसंच चाललेलं. मग दुसरा प्रश्न, आइसचे, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याचे लोक दारात आले तर रिसेप्शनवरच्या या मुलीनं काय करायचं ठरलंय? तिघांनी तीन उत्तरं दिली. त्यांनीच सांगितलं, वेटिंग रूम सगळ्यांना खुली, तिथं ते येऊ शकतात, पण आतल्या खोल्यांसाठी न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, आइसच्याच अधिकाऱ्यानं सही केलेला कागद चालत नाही, तेव्हा आतल्या दारावर 'प्रायव्हेट' अशी पाटी तरी लावा. पाटी! दहा डॉलरची पाटी नव्हती आमच्याकडे.

शेवटचा प्रश्न खजिनदारांना. आज सगळी ग्रँट बंद झाली तर किती महिने पगार देता येतील? खजिनदारांनी छताकडे बघितलं.

कमिटीत तीन विरुद्ध दोन झालं. विरोधातले अजूनही म्हणतात बाई कोरड्या आहेत, आणि आहेतच, वाढदिवसाला केक आणला तर अर्धा खाऊन मीटिंग सुरू करतात. त्यांनी रेंजचं वरचं टोक मागितलं, हेल्थ इन्शुरन्स मागितला, आणि अट घातली की तियानं निदान वर्षभर बोर्डावर यायचं नाही. ही अट तियाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस फोन उचलून खाली ठेवत होते. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "चांगली निवडलीत," आणि मग पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरी मारामारी झाली ती फोन नंबरवरून. तियाचा पर्सनल मोबाइल नंबर हाच संस्थेचा खरा नंबर. लॉन्ड्रीच्या भिंतीवर, चर्चच्या बोर्डावर, लोकांच्या फ्रिजवर, सगळीकडे तो. रात्री दोनला पण ती उचलायची. नवीन बाई म्हणाल्या हा नंबर ऑफिसकडे पोर्ट करून द्या, रात्री कोणी उचलायचं त्याची आपण पाळी लावू. तिया म्हणाली माझ्या बहिणी त्याच नंबरवर फोन करतात. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये एक दिवस ती स्वतःच ऑफिसात आली, दुकानातून नवीन सिम घेऊन, कोणाशी न बोलता कागदावर सही करून गेली.

परवा तिचा वाढदिवस होता. सवयीनं जुनाच नंबर लावला आणि पलीकडून आवाज आला, स्पॅनिशसाठी एक दाबा. मी दाबला. पाळी त्या नवीन बाईंचीच होती.