बिलावर ‘पोस्टर’ लिहिलं आणि माझी प्रिंट 23 दिवस अडकली

परदेशातून चित्रकाराची सही आणि प्रतीचा नंबर असलेली प्रिंट मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: बिलावर वस्तूचं वर्णन काय लिहिणार? मी तो विचारला नव्हता. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी धाराशिवला हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. आमचे अण्णा पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, खता-बियाण्यांच्या जाहिराती. तुळजापूर रोडला एके काळी त्यांच्या हातची अक्षरं ओळीनं दिसायची. फ्लेक्स आला आणि वर्षा-दोन वर्षांत ते काम बसलं. त्यामुळे भिंतीवर काम करत वर आलेल्या चित्रकाराबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे.

शेपर्ड फेअरी या अमेरिकन चित्रकाराचं नाव मला 2008 साली कळलं. मी तेव्हा एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत होतो आणि ओबामांचं ते लाल-निळं ‘होप’ पोस्टर पेपरात छापून आलं होतं. नंतर वाचत गेलो. हाच माणूस 1989 मध्ये विद्यार्थी असताना आंद्रे द जायंट या कुस्तीगिराच्या चेहऱ्याचे स्टिकर गावभर चिकटवत होता. मग मोठे कागद आले आणि ते भिंतींवर खळीनं लागू लागले. आपल्याकडे निवडणुकीत बादलीत कालवतात तसलीच खळ. 2009 मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन लागलं आणि कार्यक्रमाला निघालेला असतानाच पोलिसांनी त्याला भिंतींवरच्या कामाबद्दल अटक केली. त्याच सुमाराला ‘होप’चं कोलाज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं आपल्या संग्रहात घेतलं होतं. लेकरांना हे सांगितलं की ती पाच मिनिटं शांत बसतात.

त्याची पेंटिंग माझ्या आवाक्यातली नाहीत. प्रिंट मात्र जमण्यासारखी होती. साधारण 18 बाय 24 इंच, क्रीम रंगाचा ठिपकेदार कागद, स्क्रीन प्रिंटिंग, ठरावीक प्रती आणि खाली पेन्सिलीनं सही व नंबर. नवी निघाली की बघता बघता संपते. दोनदा माझ्या हातून गेली. शेवटी परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मला हवी ती सापडली: लाल, काळा आणि क्रीम रंगांतला एका बाईचा चेहरा. 180 डॉलर, वर 55 डॉलर पाठवणी. महागाई भत्त्याचा फरक हातात आला होता, तो त्यात घातला. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, नाहीतर ऐनवेळी पैसे जात नाहीत. पार्सल पाच दिवसांत मुंबईत पोचलं.

आणि मुंबईत थांबलं.

‘क्लिअरन्सला विलंब’ एवढंच रोज दिसायचं. स्टाफरूममध्ये रेंज येत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत मैदानातल्या लिंबाखाली उभा राहून कुरिअर कंपनीला फोन लावायचो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून.

“सर, कस्टमची क्वेरी आहे.”

“कसली?”

“ते आम्हाला इथं दिसत नाही, सर. तुम्हाला मेल आला असेल.”

मेल आलाच नव्हता. स्पॅम पाहिलं, जुने पत्ते पाहिले, मुलीकडूनही तपासून घेतलं. नवव्या दिवशी एक मुलगी जरा जीव लावून बोलली. तिनं फोन धरून ठेवायला सांगितलं, आत विचारून आली आणि म्हणाली, “सर, मेल पाठवणाऱ्याला गेलाय.” म्हणजे प्रश्न परदेशातल्या विक्रेत्याला विचारला होता. त्याला वाटत होतं, पार्सल माझं, उत्तर मी देईन. मला तर प्रश्नच ठाऊक नव्हता. नऊ दिवस असे गेले आणि गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पार्सल ज्याचं, ज्याचे ओळखपत्र मागून घेतले, त्याला एक ओळ लिहायला काय हरकत होती?

प्रश्न असा होता: बिलावर ‘पोस्टर, कागद’ लिहिलंय आणि किंमत 180 डॉलर. पोस्टरची एवढी किंमत कशी? पैसे दिल्याचा पुरावा द्या, वस्तूचं वर्णन स्पष्ट करा.

आता सांगतो, अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. पण त्या दिवशी मला ते फार लागलं. मी रात्री बसून दोन पानी पत्र लिहिलं. चित्रकार कोण, त्याचं काम कुठल्या संग्रहालयात आहे, प्रती किती, सही कुठं आहे. कस्टमच्या यादीत 9702 या क्रमांकाखाली ‘मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफ’ असा वर्ग आहे. माझी प्रिंट त्यात धरा, छापील चित्रांच्या 4911 मध्ये टाकू नका, असा आग्रह धरला. तोवर कराच्या रकमेपेक्षा ‘मूळ’ हा शब्दच मला मोठा वाटायला लागला होता.

सहा दिवस काही नाही. मग दोन ओळी आल्या: बिलाशी जुळणारी कागदपत्रं जोडा, पत्र पुरेसं नाही.

त्या सहा दिवसांत मी एक काम केलं, ते आधीच करायला हवं होतं. त्या वर्गाची व्याख्या नीट वाचली. चित्रकारानं पूर्णपणे हातानं केलेल्या प्लेटवरून थेट काढलेला ठसाच त्यात बसतो. यांत्रिक किंवा फोटो वापरून केलेली पद्धत चालत नाही. सहीचा, नंबरचा, प्रती किती याचा त्यात उल्लेखही नाही. स्क्रीन कशी बनते ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा प्रेस होता. जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, वर फिल्म, मग उजेड द्यायचा आणि पाण्यानं धुवायचं. उजेड न लागलेला भाग निघून जातो आणि तिथून शाई उतरते. फेअरी आकार ब्लेडनं हातानं कापत आला आहे, पण पुढं स्क्रीन अशी उजेडावर बनली असेल तर माझा आग्रह त्या व्याख्येपुढं टिकत नव्हता. चित्रकलेच्या शिक्षकाला हे मान्य करायला जड गेलं. माझ्या लेखी ती आजही मूळ कलाकृतीच आहे. पण यादीतला ‘मूळ’ आणि आपल्या मनातला ‘मूळ’ वेगळे आहेत, आणि अडकलेलं पार्सल यादीवरच सुटतं.

मग वर्गाचा वाद सोडला आणि विक्रेत्याकडं नवं बिल मागितलं. त्याचं म्हणणं, आम्ही सगळ्यांनाच पोस्टर लिहितो. तिकडं दिवस तेव्हा इकडं रात्र, त्यामुळे एकेका उत्तराला एक दिवस. अखेर मजकूर मीच लिहून पाठवला: कागदावरील स्क्रीन प्रिंट, चित्रकाराचं नाव, आकार, सही व क्रमांक असलेली, एकूण प्रतींपैकी अमुक क्रमांक, फ्रेम नाही, वैयक्तिक वापरासाठी. त्यानं तो जसाच्या तसा बिलावर घेतला. सोबत कार्डाच्या स्टेटमेंटचं पान आणि त्याच्या साइटवरचं वस्तूचं पान जोडलं. दोन दिवसांत काम झालं. त्यांनी छापील चित्र धरून कर लावला, मी मुकाट्यानं भरला. गोदामाचं भाडं माफ करा म्हणून तारखांसह अर्ज केला, तो फेटाळला. तो अर्ज पुन्हा करणार आहे.

‘भेट’ म्हणून पाठवा किंवा किंमत कमी दाखवा, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. करू नका. कार्डावर एक आकडा आणि बिलावर दुसरा, तर पुढं बोलायला तोंड राहत नाही. शिवाय वाटेत फाटलं तर विमा दाखवलेल्या किमतीवरच मिळतो.

हो, एक राहिलं. माझ्या आधारवर ‘उस्मानाबाद’ आहे आणि मी पत्ता ‘धाराशिव’ दिला होता. ओळखपत्र जुळवताना तेही एकदा निघालं. पिनकोड 413501 दोन्हीकडं एकच असल्यामुळं भागलं. धाराशिव किंवा छत्रपती संभाजीनगरचा पत्ता देताना आधारवर जे आहे तेच लिहा, नाहीतर कंसात जुनं नाव टाका.

प्रिंट गुंडाळून ठेवलेली नळी आली ती ठेचाळलेली, आतला कागद मात्र सुखरूप. हात धुऊन, कोरडे करून उघडा. उलट्या बाजूनं गुंडाळून सरळ करायला जाऊ नका, शाईला तडा जातो. मी स्वच्छ कागदांच्या मधे ठेवून वर ड्रॉइंग बोर्ड ठेवला, तीन दिवसांत सपाट झाली.

फ्रेमवाला म्हणाला, “सर, प्लायला चिकटवून देतो, फुगा येणार न्हाई.” मी त्याच्या हातातून ती काढूनच घेतली. चिकटवलेली प्रिंट संपली म्हणून समजा. आम्लरहित माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राला लावायचा जाड पुठ्ठा, गावात मिळाला नाही, पुण्याहून भाच्याकडून मागवला. काच कागदाला टेकू द्यायची नाही, मधे माउंटची जाडी हवी. पावसाळ्यात दमट हवेनं कागद काचेला धरतो. आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका, लाल आधी उडतो.

फ्रेम करायच्या आधी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडात तिरपा धरला आणि शाईच्या कडेजवळून नजर फिरवली. “काळा शेवटी मारलाय,” म्हणाले. “लालवर चढलाय बघ. पण कुठं सरकला न्हाई.”

विक्रेत्याचं प्रमाणपत्र, कराची पावती आणि दोन्ही बिलं एका पाकिटात घालून ते पाकीट कपाटात स्वतंत्र ठेवलंय. फ्रेममध्ये, प्रिंटच्या पाठीला लागून ठेवू नका. ‘पोस्टर’ लिहिलेलं जुनं बिलही त्यात आहे. अर्जाला जोडायचंय.