हात स्टेअरिंगवर ठेव

न्यू जर्सीला दादाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे, गेले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी त्याची गाडी मी चालवत होते, तो शेजारी बसला होता, आणि मागे अचानक लाल-निळे दिवे चमकायला लागले. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बेल्ट काढला आणि दार उघडून उतरायला निघाले, कारण इंग्लंडमध्ये बावीस वर्षं राहून मला हीच सवय आहे, पोलीस थांबवतात तेव्हा आपण उतरतो, चार पावलं पुढे जातो, काय झालं विचारतो. तर दादा असा ओरडला की जन्मात मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. "उतरू नकोस! हात स्टेअरिंगवर ठेव, दिसतील असे. पर्स शोधू नकोस, काही काढायला जाऊ नकोस."

पोलीस आला. एक हात कमरेच्या पिस्तुलाशी होता. मागचा एक दिवा गेलाय एवढंच सांगायचं होतं त्याला, बोलला पण अगदी सभ्यपणे, पाच मिनिटांत सोडलं आम्हाला. पण दादाला घाम फुटला होता. पंचवीस वर्षं तिथे राहिलेला माणूस, नागरिक, इंजिनियर, स्वतःचं घर, आणि घरी आल्यावर तो म्हणाला की मुलाला गाडी शिकवताना गिअर-ब्रेकच्या आधी हेच शिकवलं, पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे. मला रात्रभर झोप लागली नाही. माझी मुलगी पण त्याच वयाची आहे, आणि तिला हे शिकवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

तेव्हापासून डोक्यात जे फिरतंय ते लिहून टाकते.

इंग्लंडमध्ये एक शब्द पोलिसांच्या बाबतीत सारखा ऐकू येतो, 'कन्सेंट'. संमती. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनची मेट्रोपॉलिटन पोलीस उभी केली तेव्हा लोकांना ती अजिबात नको होती, हे राजाचं सैन्यच आपल्या गल्लीत आणून बसवतायत असं त्यांना वाटत होतं. म्हणून युनिफॉर्म मुद्दाम निळा ठेवला, सैन्यासारखा लाल नाही, आणि हातात बंदूक नाही, लाकडी दंडुका. विचार असा की पोलिसाची ताकद लोक त्याला मानतात त्यातून येते. आजही इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये रोजच्या ड्युटीवरच्या पोलिसाकडे पिस्तूल नसतं (उत्तर आयर्लंडची गोष्ट वेगळी, तिथे असतं). इंग्लंड-वेल्समध्ये कुणाची झडती घ्यायची तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे त्याला आपलं नाव, आपलं स्टेशन, झडतीचं कारण आणि काय शोधतोय हे आधी सांगावं लागतं आणि झडतीची नोंद तुम्हाला मागता येते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने आधी स्वतःची ओळख सांगायची.

अमेरिकेत उलटं का झालं हे समजून घ्यायचा मी प्रामाणिक प्रयत्न केलाय, आणि तो गाडीशी आलेला पोलीस वाईट होता असं मला बिलकुल म्हणायचं नाहीये. त्या देशात लोकांकडे अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. थांबवलेल्या प्रत्येक गाडीत एक असू शकते हे धरूनच त्याला चालत जावं लागतं. तो घाबरलेला, म्हणून आपण घाबरलेले, आणि आपण घाबरून काही हालचाल केली की तो आणखी घाबरणार. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून मोजायला सुरुवात केली तेव्हा कळलं की दरवर्षी साधारण हजार माणसं तिथे पोलिसांच्या गोळीने मरतात. इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा बहुतेक वर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतो, लोकसंख्येचा फरक धरला तरी तुलनाच होत नाही.

आणि एक पोलीस खातं नाहीचै तिथे. इंग्लंड-वेल्सला ४३ फोर्सेस आहेत, स्कॉटलंडने तर २०१३ मध्ये सगळ्यांची मिळून एकच केली, तिकडे अमेरिकेत अठरा हजारांच्या आसपास. गावाची वेगळी, काउंटीची वेगळी, युनिव्हर्सिटीची वेगळी, शेरीफ तर निवडणूक लढवून येतो. त्यात १९९० च्या दशकापासून सैन्याकडचं जादा सामान पोलिसांना द्यायची योजना आहे, इराक-अफगाणिस्तानसाठी बनवलेल्या सुरुंगरोधक गाड्या छोट्या-छोट्या शहरांच्या पोलिसांकडे गेल्या. २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये, पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेल्यावर निदर्शनं झाली तेव्हा, अंगणात उभ्या असलेल्या लोकांसमोर सैनिकांसारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले आणि रायफल रोखलेले पोलीस टीव्हीवर बघितले तेव्हा मला आधी वाटलं हे सैन्यच आहे. नव्हतं.

आता इकडची बाजू सांगितली नाही तर मी खोटं बोलले असं होईल. २००५ मध्ये, लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर दोन आठवड्यांनी, स्टॉकवेल स्टेशनवर ट्रेनमध्ये बसलेल्या एका ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला पोलिसांनी अतिरेकी समजून डोक्यात गोळ्या घातल्या. २७ वर्षांचा मुलगा, काही केलं नव्हतं त्याने. कुठल्याही अधिकाऱ्यावर खटला नाही, मेटला, म्हणजे त्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांना, हेल्थ अँड सेफ्टीच्या कायद्याखाली १,७५,००० पौंडांचा दंड. २०२१ मध्ये नोकरीवर असलेल्या पोलिसाने आपलं ओळखपत्र वापरून एका तरुणीला पळवलं आणि मारलं, त्यानंतर जो केसी अहवाल आला २०२३ ला त्याने मेटला संस्था म्हणून वंशवादी, स्त्रीद्वेष्टी आणि समलैंगिकद्वेष्टी म्हटलं. त्या वसंतात रात्री उशिरा स्टेशनवरून घरी चालत येताना पोलीस दिसला तर आम्हा बायकांना बरं वाटायच्या ऐवजी पोटात गोळा यायचा. संमती एकदा १८२९ ला दिली आणि कायमची मिळाली असं नसतं, ती परत परत कमवावी लागते, आणि मेटने ती बऱ्याच जणांच्या बाबतीत गमावलीये.

सैनिकांना पोलिसांचं काम दिलं की काय होतं हेही ब्रिटनला कुणी शिकवायची गरज नाही. १९६९ ला उत्तर आयर्लंडमध्ये सैन्य उतरवलं ते थोड्या दिवसांसाठी, आणि ते ऑपरेशन संपलं २००७ ला. ३० जानेवारी १९७२ ला डेरीमध्ये मोर्च्यावर गोळीबार करून पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी त्या एका दिवशी १३ जणांचा जीव घेतला, आणि सरकारने माफी मागायला २०१० उजाडलं. म्हणून जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला गव्हर्नर नको म्हणत असताना ट्रम्प यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, पाठवलं, वर मरीन्स पण पाठवले, तेव्हा इथल्या माझ्या शेजारच्या आजोबांनी, जे स्वतः बेलफास्टला ड्युटी करून आलेत, बातम्या बंद केल्या आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

राजकारणात पण मला तोच प्रश्न दिसतो, कोण कुणाला विचारतं. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये एका माणसाने शाळेत शिरून १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. लोकांनी सात लाखांच्या वर सह्या गोळा केल्या आणि दोन वर्षांच्या आत, कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार जाऊन लेबर आलं तरी, हँडगन बंद झाल्या. अमेरिकेत सँडी हुक नावाच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटपुढे साधं बंदूक विकताना माणसाची आधीची माहिती तपासायचं बिल आलं, ५४ विरुद्ध ४६ मतं पडली, आणि ५४ वाली बाजू हरली! कारण तिथे पुढे जायला ६० लागतात. आणि त्या सिनेटमध्ये सहा लाख वस्ती नसलेल्या वायोमिंगला दोन जागा आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला पण दोनच. लोकांना नको होतं असं नाही, लोकांपर्यंत प्रश्न पोचतच नाही. दादा म्हणतो की अगं तुमच्याकडे पंतप्रधान एका आठवड्यात बदलतो, ते काय चांगलं आहे का. लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या, खरं आहे. पण मला ते वाईट वाटत नाही, चुकलं तर पक्षच उठून सांगतो की आता बास. तिकडे २०२५ ला बजेट अडलं म्हणून ४३ दिवस सरकार बंद, विमानतळावरचे कंट्रोलर पगाराशिवाय काम करत होते, आणि कुणाही नेत्याची खुर्ची गेली नाही. अर्थात लेबरला २०२४ मध्ये ३४ टक्क्यांपेक्षा कमी मतांवर ४११ जागा मिळाल्या, आणि लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, तर कुणी निवडूनच येत नाही, त्यामुळे आमची पद्धत पण धुतलेल्या तांदळासारखी नाही.

जगाच्या बाबतीत मात्र मला ब्रिटनवर जास्त राग येतो. अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धात तेव्हाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सैन्य पाठवलं नव्हतं, आणि त्यामुळे अमेरिकेशी मैत्री काही तुटली नाही. मग २००३ ला इराकच्या वेळी काय झालं? १५ फेब्रुवारीला लंडनच्या रस्त्यावर इतकी माणसं उतरली की तसा मोर्चा त्या शहराने त्याआधी पाहिला नव्हता, रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं, आणि तरी संसदेने ४१२ विरुद्ध १४९ ने युद्धाला होकार दिला. नंतर या युद्धाच्या चिल्कॉट चौकशीतून बाहेर आलं की पंतप्रधान ब्लेअर यांनी बुश यांना जुलै २००२ मध्येच लिहून दिलं होतं, काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. मित्राने मित्राला असं कोरं वचन द्यायचं नसतं हो, विशेषतः मरणार दुसऱ्यांची मुलं असतील तेव्हा. इराकमध्ये ब्रिटनचे १७९ गेले, अफगाणिस्तानात ४५७, आणि इराकी-अफगाण माणसं किती गेली त्याची तर धड मोजदादही नाही.

आम्ही तेव्हा स्विंडनला राहायचो. जवळच वूटन बॅसेट नावाचं छोटं गाव आहे, लायनमच्या विमानतळावर शवपेट्या उतरल्या की त्या गाड्या याच गावाच्या हाय स्ट्रीटवरून ऑक्सफर्डला जायच्या. २००९ च्या जुलैत मी एकदा तिथे जाऊन उभी राहिले होते. दुकानं बंद झाली, चर्चची घंटा एकेक ठोका देत होती, आणि इतक्या गर्दीत लहान मूलसुद्धा बोलत नव्हतं. गाडीवर कुणाच्या तरी आईने फेकलेलं गुलाब घसरून खाली रस्त्यावर पडलं ते मला अजून दिसतं. ते सगळे जण अमेरिकेच्या हाकेला गेले होते. नेटोचं कलम ५, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, आजपर्यंत एकदाच वापरलंय, अमेरिकेसाठी.

म्हणून मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जेडी व्हान्स युक्रेनबद्दल टीव्हीवर बोलले, की तीस-चाळीस वर्षांत युद्ध न लढलेल्या कुठल्या तरी देशाच्या वीस हजार सैनिकांनी काय होणार, तेव्हा मी भर ऑफिसात रडले. नंतर ते म्हणाले की मी ब्रिटनचं किंवा फ्रान्सचं नाव घेतलं नव्हतं. पण युक्रेनला सैन्य पाठवू असं उघडपणे तेव्हा हेच दोन देश म्हणत होते.

त्या रात्री दादाला फोन केला. तो गप्प ऐकत राहिला आणि म्हणाला, "खरं सांगू का, तुमचे एवढे गेले हे मला माहीतच नव्हतं गं. इथे कुणी सांगतच नाही." मी त्याला वूटन बॅसेटचा एक व्हिडिओ पाठवला, त्याने मुलाला बोलावून दोघांनी बघितला. मग भाचाच फोनवर आला. त्याला कळत नव्हतं की एवढ्या लोकांना तिथे कुणी बोलावलं, आणि बॅरिकेड नाहीत, पोलीस दिसत नाहीत, तर मग रस्ता मोकळा कसा राहिला. मी सांगितलं की बोलावलं कुणीच नाही रे. २००७ मध्ये पहिल्यांदा गाडी जाताना लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे काही म्हातारे सैनिक तिथे होते, त्यांनी थांबून सलाम केला, मग पुढच्या वेळी दुकानदार बाहेर आले, मग हळूहळू सगळं गाव.