ढेकर कुणाचा मोठा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात येऊन मला सहा वर्षं झाली. संगमनेरहून दादाचा फोन आला की पहिला प्रश्न अजूनही तोच: "तिकडची गाय किती लिटर देते?" माझी तब्येत, नोकरी, थंडी हे सगळं नंतर. मी सांगते, वर्षाला सरासरी दहा-अकरा हजार लिटर. तो क्षणभर गप्प होतो, मग विचारतो, "मुरघास का?" म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेली हिरवी वैरण.

गेल्या महिन्यात मात्र त्याचा सूर वेगळा होता. डेअरीवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं की भारतातल्या गाई-म्हशींच्या ढेकरांमुळे जग तापतंय. "खरं काय गं? तू तिकडं आहेस म्हणून विचारतो."

अर्धं खरं आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते आणि मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो. तो बहुतेक तोंडावाटेच बाहेर पडतो, विनोदांमध्ये दाखवतात तसा मागून नाही. आणि जनावरं आपल्याकडे आहेतच भरपूर. २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल १९.३५ कोटी, म्हशी जवळजवळ ११ कोटी. अमेरिकेत मांसाची, दुधाची सगळी गुरं मिळून पावणेनऊ कोटींच्या आसपास.

तरीही शेतीचं एकूण उत्सर्जन अमेरिकेचंच जास्त. तिथं वर्षाला सुमारे ६० कोटी टन, आणि भारताच्या सरकारी अहवालात २०१६ साठी सुमारे ४१ कोटी टन (सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून). आपल्या आकड्यात निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या पोटाचा, त्यानंतर खतं घातलेली जमीन आणि भाताची खाचरं. अमेरिकेत जनावरांच्या पोटाचा वाटा साधारण एक तृतीयांश. जवळजवळ निम्मं उत्सर्जन निघतं ते जमिनीतून.

ते जमिनीतून निघणं मला दर नोव्हेंबरला आठवतं. मक्याची काढणी झाली की रस्त्यावर ट्रॅक्टरमागून पांढऱ्या टाक्या निघतात. त्यात निर्जल अमोनिया, म्हणजे दाबाखाली भरलेलं नत्राचं खत. फाळामागच्या नळीतून तो थेट मातीत सोडतात. जमीन दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावरच सोडावा असं सांगतात, नाहीतर पिकाच्या आधी जिवाणूच नत्र खातात. तेच जिवाणू त्यातून नायट्रस ऑक्साइड बनवतात. ढोबळ हिशेब असा की शंभर किलो नत्र टाकलं तर त्यातलं एक किलो नत्र या वायूच्या रूपात उडतं (त्यातला ऑक्सिजन धरून वायू भरतो दीड किलोच्या वर). ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २६५ पट तापवतो. म्हणजे त्या शंभर किलोंमागे चारशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा. आयोवा तर क्षितिजापर्यंत मकाच मका. वर या राज्यात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. त्यांचं मलमूत्र गोठ्याखालच्या खड्ड्यात साठवतात आणि शरदात तेही शेतात जातं. त्या आठवड्यात मी कपडे बाहेर वाळत घालत नाही.

हे सगळं सांगितल्यावर दादा खूश. "म्हणजे आपली गाय निर्दोष!"

तसंही नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत एक तक्ता आहे. उत्तर अमेरिकेतली दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते आणि ८४०० किलो दूध देते. भारतीय उपखंडातली ५८ किलो सोडते, दूध ९०० किलो. गाईमागे पाहिलं तर आपली निम्म्याहून कमी. किलोभर दुधामागे पाहिलं तर तिकडे १५ ग्रॅम, आपल्याकडे ६४.

"नऊशे?" दादा चिडला. "माझी एचएफ दोन महिन्यांत देते तेवढं!" बरोबर आहे त्याचं. सरासरीत त्याची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) आणि कोकणातली वाटीभर दूध देणारी गाय एकाच दावणीला बांधलेल्या असतात. भारत स्वतःच्या हिशेबात देशी, संकरित आणि म्हैस असे आकडे वेगळे धरतो, तेच शहाणपणाचं. शिवाय आपल्या गाईचा मिथेन सगळा दुधावर मांडायचा, आणि शेण, बैल यांचं काय? मला तो भागाकार कधीच पटलेला नाही.

शेतीचं वर्षाचं उत्सर्जन माणशी मांडलं तर चित्र आणखी पालटतं. अमेरिकेत पावणेदोन टनांच्या पुढे, भारतात ३०० किलोंच्या आसपास. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन ३० टक्के घटवण्याचा ऐच्छिक संकल्प जाहीर झाला, त्यात अमेरिका होती, भारत गेला नाही. दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्यांना वेठीला धरणारा संकल्प भारताने टाळला, यात मला तरी नवल वाटलं नाही.

आणि हिशेबाबाहेर राहतं ते वेगळंच. दादाची मोटर रात्री चालते, वीज बहुतेक कोळशाची. तो धूर शेतीच्या खात्यात नाही, ऊर्जेच्या खात्यात. युरिया बनवतानाचा कारखान्याचा धूरही शेतीच्या खात्यात नाही. आयोवातला निम्म्याहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो, त्या धुराड्यांची नोंदही दुसऱ्याच पानावर.

दादाला एवढं ऐकायचं नव्हतं. त्याने विचारलं, "मग त्या तक्त्यात माझी गाभण कालवड कुठं बसते?"

मी पाहून सांगितलं: "इतर गुरं. सत्तावीस किलो."

"पुढच्या महिन्यात विणार आहे."

"मग अठ्ठावन्न."