साज आणि चिवड्याचा डबा

काल कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं, मग गुजरीच्या सराफ बाजारात सासूबाईंनी कित्येक वर्षांची हौस म्हणून गळ्यातला २१ पानांचा साज घेतला, आणि खरा ताप सुरू झाला तो हॉटेलवर आल्यावर. मी एका रात्रीसाठी गेले तरी बॅग पूर्ण रिकामी करते, कपडे कपाटात, चार्जर टेबलावर, आणि आमचे हे मात्र सगळं बॅगेतूनच ओढून काढतात, त्यावरून आमचं दरवेळी वाजतं. असो. तर साज मी कपाटातल्या छोट्या तिजोरीत ठेवला, चार आकडी कोड टाकला आणि रंकाळ्यावर भेळ खाऊन येईपर्यंत कोडच विसरले!! तीनदा चुकल्यावर ती नुसती टीं टीं करत बसली. खालून पोरगा आला, "घाबरू नका ओ ताई, उघडतंय बघा आत्ता", मास्टर कोड दाबला आणि खटकन दार उघडलं. हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा, म्हणजे हे कुणीही उघडू शकतं की! पोरगा बिचारा चांगलाच होता, पण हलवून बघितलं तर तिजोरीला मागून स्क्रूपण नव्हते, अख्खी उचलून नेता आली असती.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. साज रुमालात गुंडाळला, डब्याच्या तळाशी घातला, वरून चिवडा, झाकण घट्ट.

आज मिसळ खाऊन निघालो, कराडजवळ ह्यांना भूक लागली, "तो चिवडा काढ गं जरा". मागून सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला 😂